गजकर्ण घरी बरं करायचं तर: ट्यूब कुठली, लावायची कशी, कपड्यांचं काय आणि डॉक्टरकडं कधी

सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको, पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखाली लूम चालू, अंगावरचा बनियन पिळून निघेल इतका घाम. त्यात जांघेत नाहीतर कमरेला एक लालसर गोल चट्टा उठतो, कडेला बारीक पुरळ, मधे जरा साफ, आणि खाज अशी की रात्री झोप लागत नाही. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, दाद म्हणा, आपल्याकडं हल्ली घरटी कुणाला तरी आहे. लोक वर्ष-वर्ष अंगावर काढतायत, मेडिकलमधून ट्यूबमागून ट्यूब आणतायत, आणि चट्टा काही जात नाही.

तो का जात नाही याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. ट्यूब चुकीची, ट्यूब बरोबर पण अर्धवट लावलेली, नाहीतर एकट्याचा इलाज चाललाय आणि बाकीचं घर तसंच खाजवतंय. ही तीन सुधारली तर नवीन आणि लहान गजकर्ण घरी आटोक्यात येतं. जुनं, पसरलेलं असेल तर डॉक्टर लागतोच, तेही पुढं लिहिलंय.

आधी हे गजकर्णच आहे का ते बघा

उजेडात आरसा घेऊन नीट बघा. गजकर्णाची कड उठलेली असते, तिथं लाली आणि कोंड्यासारखी सालं जास्त, मधला भाग मानानं साफ. बुरशी चामडीच्या वरच्या थरात राहते आणि बाहेरच्या बाजूला सरकत जाते, म्हणून ते कडं मोठं मोठं होत जातं. जागा ठरलेल्या असतात: जांघ, ढुंगण, कंबर जिथं नाडी किंवा बेल्ट बसतो, काख, बायकांना छातीखाली.

छातीवर-पाठीवर-मानेवर फिकट किंवा तपकिरी बारीक ठिपके, खाज जवळजवळ नाही, नखानं खरवडलं की भुसा निघतो, ते शिबं. तीपण बुरशीच, पण वेगळी, ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतेच आणि एकाची दुसऱ्याला लागत नाही. तिला किटोकोनाझोल दोन टक्क्यांचा शाम्पू ओल्या अंगावर लावून पाच मिनिटं ठेवून धुतात, असं तीन ते पाच दिवस. बुरशी मेली तरी रंग परत यायला काही महिने लागतात, म्हणून घाबरून परत परत औषध लावत बसू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाज नसेल, आणि कापसाच्या वातीनं हळूच स्पर्श केला तर तिथं कळतच नसेल, तर गजकर्णाची ट्यूब लावत वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाची सुरुवात अशी असू शकते, त्याचं औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

मेडिकलमध्ये काय मागायचं

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जातो, म्हणतो दादा खाजेची ट्यूब द्या, आणि हातात येते मिक्स ट्यूब. त्यात एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं, आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइडनं लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत बसते, माणूस खूश, ट्यूब लई भारी आहे म्हणून शेजाऱ्यालापण सांगतो. पण स्टिरॉइड बुरशीला मारत नाही, ते फक्त चामडीची लढायची ताकद दाबून टाकतं, म्हणजे बुरशीला रान मोकळं. ट्यूब बंद केली की आठवड्याभरात दुप्पट उठतं, आणि आता त्याचा आकारपण बदललेला असतो, कड्यात कडं, नाहीतर नुसता लाल पट्टा, की डॉक्टरलासुद्धा पटकन ओळखायला अवघड जावं. महिनोन् महिने लावलं तर जांघेतली चामडी पातळ होते, बाळंतपणानंतर पोटावर येतात तशा रेघा पडतात, आणि त्या रेघा परत जात नाहीत. विशी-बाविशीतल्या पोरांच्या मांड्यांवर ह्या रेघा दिसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

२०१८ साली केंद्र सरकारनं बऱ्याच स्टिरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम केलाय. तरी काउंटरवर मिळतात, म्हणून शेवटी आपणच ट्यूब उलटी करून वाचायची.

वाचायचं कसं? ट्यूबच्या मागं औषधांची नावं बारीक अक्षरात असतात. क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी दिसलं तरी ती ट्यूब परत करा. सोपी खूण म्हणजे शेवटी 'सोन', 'सॉल' किंवा 'लोन' आलं की सावध व्हायचं. आणि एका ट्यूबमध्ये तीन-चार औषधं लिहिली असतील तर नाव वाचता आलं नाही तरी नकोच म्हणा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत न्यावं, किंवा सरळ म्हणावं, "दादा, नुसतं क्लोट्रिमाझोल द्या, मिक्स नको, स्टिरॉइडवाली अजिबात नको."

क्लोट्रिमाझोल एक टक्का साधं, स्वस्त आणि सुरुवातीला चांगलं. मायकोनाझोल दोन टक्केपण चालतं. ल्युलिकोनाझोल दिवसातून एकदाच लावायचं असतं, जरा महाग पडतं पण ज्याला दोनदा लावायचं जमणार नाही त्याच्यासाठी बरं. टर्बिनाफिन एकेकाळी हुकमी होतं, आता आपल्या देशात त्याला दाद न देणारी बुरशी पसरलीये, २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं ठेवलं. म्हणून टर्बिनाफिन लावून किंवा खाऊन फरक पडला नाही तर तुमचं काही चुकलं असं नाही, बुरशीच तशी असू शकते.

आणि गोळ्या? त्या स्वतःच्या मनानं नकोच. इट्राकोनाझोल कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही, हार्ट फेल्युअरच्या पेशंटला धोक्याचं, लिव्हरवरपण लक्ष ठेवावं लागतं. शेजारच्याला ज्या गोळीनं गुण आला ती तुम्हाला चालेल असं नसतं. डॉक्टरनं दिल्या तर मात्र कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची, उपाशीपोटी नीट लागू पडत नाही, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं.

लावायचं कसं

आंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं करून. ओल्या जांघेत ट्यूब लावली तर ती वाहून कपड्यालाच लागते. टॉवेलनं रगडायचं नाही, टिपायचं, आणि नंतर दोन-तीन मिनिटं फॅनखाली थांबायचं.

मलम चट्ट्याच्या बाहेरून आत लावत यायचं. कडेच्या बाहेर दोन बोटं रुंद चांगली दिसणारी चामडी आहे ना, तीसुद्धा धरायची, कारण बुरशी तिथं पोचलेली असते, दिसत नाही एवढंच. बरेचजण फक्त मधे चोळतात आणि कड तशीच सोडतात.

किती लावायचं त्याचं माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढा, ते झालं साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात बोटांसकट दोन तळहाताएवढी जागा होते. आता हिशोब करा, दोन तळहाताएवढं गजकर्ण असेल आणि दिवसातून दोनदा लावायचं असेल तर रोज एक ग्रॅम लागतं, म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब एक महिना जाते. दहा-पंधरा ग्रॅमची बारकी ट्यूब घरातले तीनजण मिळून महिनाभर पुरवत असाल तर कुणालाच धड औषध मिळत नाहीये.

नुसत्या बुरशीच्या औषधानं खाज लगेच थांबत नाही. आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. इथंच लोकांचा धीर सुटतो आणि परत मिक्स ट्यूब आणतात. कृपा करून तेवढा आठवडा काढा. रात्री खाज जास्त असेल तर स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून पिळून पाच-दहा मिनिटं ठेवा, मग जागा कोरडी करा. खाजेची गोळी डॉक्टरनं दिली तर ती झोप आणते का ते विचारून घ्या, रात्रपाळीला लूमवर उभं राहणाऱ्यानं तर नक्की विचारा, मशिनपुढं गुंगी आली तर बोटं जातील.

आणि किती दिवस? चट्टा दिसायचा बंद झाला की त्यानंतर अजून दोन आठवडे. हे दोन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे आणि हेच कुणी करत नाही. दर रविवारी एकाच उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवा, फरक पडतोय का नाही ते फोटोत कळतं, नुसत्या आठवणीवर कळत नाही. दोन आठवडे रोज नीट लावून कड तसूभरही मागं सरकली नाही, तर आणखी ट्यूब बदलत बसायचं नाही, डॉक्टरकडं जायचं.

कपडे, टॉवेल, चादर

बुरशी असलेली सालं कपड्यात, अंथरुणात पडतात आणि त्यात ती महिनोन् महिने जिवंत राहू शकते. म्हणून अंगाला औषध आणि कपडे तसेच, असं केलं तर फिरून फिरून तेच.

आपल्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं कपडे साठवून एकदम धुवायची सवय आहे, त्यात कुणाची चूक नाही. पण गजकर्ण असलेल्याची अंडरवेअर, बनियन, परकर, ब्लाऊज आणि अंग पुसायचं कापड एवढं तरी रोज धुवा. बाकी जीन्स, चादरी पाणी येईल त्या दिवशी. ओले कपडे बोचकं करून कोपऱ्यात टाकू नका, धुवायला अजून अवकाश असेल तर दोरीवर वाळत तरी घाला.

नुसत्या गार पाण्यानं आणि साबणानं बुरशी पूर्ण जात नाही. साठ अंशाच्या वर पाणी लागतं. वॉशिंग मशिनमध्ये तशी सोय असेल तर उत्तमच, नसेल तर बादलीत दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी घ्या, साबण टाका, कपडे काठीनं बुडवून अर्धा तास झाकून ठेवा, मग चोळून धुवा. हात घालू नका, भाजेल, आणि लहान पोरं लांब ठेवा. रंग जाणारे कपडे वेगळे. दुसऱ्यांच्या कपड्यात हे कपडे मिसळायचे नाहीत. उन्हाची मात्र आपल्याला कमी नाही, कपडे उलटे करून गच्चीवर कडक वाळवा, शिवणी आतून सुकल्या पाहिजेत. आतल्या कपड्यांवरून गरम इस्त्री फिरवली तर अजून चांगलं. बायका आतले कपडे साडीखाली झाकून सावलीत वाळवतात, ते दमट राहतात. यात लाजण्यासारखं काही नाही हो, आजार बरा करायचाय, उघड्या उन्हात घाला.

सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल आपला अभिमान आहे, पण गजकर्ण असेपर्यंत तो बाजूला ठेवा. तो लवकर वाळत नाही आणि रोज धुवायला पाणीपण जास्त लागतं. प्रत्येकाला एकेक पातळ सुती पंचा द्या, रंग वेगवेगळे घ्या म्हणजे अदलाबदल होत नाही. चट्ट्याची जागा सगळ्यात शेवटी पुसायची. जाड चादर रोज धुणं शक्य नाही, तर तिच्यावर जुनी सुती साडी किंवा पातळ बेडशीट टाका आणि ती धुवा, चादर आणि गादी आठवड्यातून एकदा दुपारभर उन्हात टाका.

करदोडा काढा. देवाचा आहे, दृष्टीचा आहे, मला मान्य आहे, पण तो दोरा कायम ओला असतो आणि कमरेचं गजकर्ण बरोबर त्याच्याखाली बसलेलं असतं. बरं होईपर्यंत काढून देव्हाऱ्यात ठेवा, नंतर नवीन बांधा. तसंच परकराची नाडी, रोज एकाच जागी घट्ट आवळू नका, रुंद पट्टीचा परकर घ्या. जीन्स, लेगिंग, नायलॉनची अंडरवेअर काही महिने बंद, सुती आणि ढगळ. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर आधी मोजे घाला, मग अंडरवेअर, नाहीतर पायाची बुरशी कपड्यावरून जांघेत जाते.

विडी घरकुलात किंवा पूर्व भागात ज्या मावश्या दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात त्यांना माझी विनंती आहे, तासा-दोन तासानं उठा, पाच मिनिटं पाय मोकळे करा, घाम पुसा. लूमवरच्या माणसांनी डब्याबरोबर एक जास्तीची बनियन आणि अंडरवेअर न्यावी आणि पाळी संपल्यावर ओल्या कपड्यात घरी न येता तिथंच बदलावी. आंघोळ दोनदा झाली तर चांगलं, पाणी नसेल तर ओल्या कापडानं पुसून कोरडं केलं तरी चालतं. साबण साधाच. औषधी साबणावर वेगळा खर्च करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही, ते पैसे पुरेशा ट्यूबला वापरा.

घरातल्या सगळ्यांना एकदाच

एकाला झालं की घरातल्या प्रत्येकाला विचारा, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत. ज्याला ज्याला आहे त्याचा इलाज एकाच वेळी सुरू झाला पाहिजे. नवऱ्याचं बरं झालं, बायकोचं तसंच, महिन्यानं नवऱ्याला परत, असं वर्षानुवर्षं चालतं. अवघड असतं ते विचारणं. सून सासूपुढं बोलत नाही, वयात आलेलं पोरगं आईला सांगत नाही. म्हणून दाखव म्हणायचं नाही, "तुला खाज आहे का, ही ट्यूब घे, असं लाव" एवढं सरळ बोलायचं. हा अस्वच्छ माणसाचा आजार नाही, घाम आणि जवळ राहणं एवढंच लागतं त्याला. घरात मांजर, कुत्रं, वासरू असेल आणि त्याच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर त्यालाही जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

हे करू नका

लिंबू, लसूण ठेचून, चुना, रॉकेल, टूथपेस्ट, बॅटरीचं पाणी, हे सगळं लोक लावतात आणि चामडी भाजून घेतात, मग जखमेत पू होतो. डेटॉल रोज लावूनही चामडी जळते. खोबरेल तेल जांघेत चोपडलं तर ओल धरून राहते. तिथले केस ब्लेडनं काढू नका, कात्रीनं बारीक करा. नखं कापा, कारण खाजवून खाजवून बुरशी नखात गेली की ती निघायला कित्येक महिने लागतात. पथ्याचं विचाराल तर वांगं, शेंगाचटणी याचा काही संबंध नाही, खुशाल खा. शुगर मात्र तपासा, वारंवार गजकर्ण होणाऱ्यानं एकदा तरी नक्की तपासावी.

डॉक्टरकडं लगेच कुणी जायचं

चेहऱ्यावर, दाढीत, डोक्यात किंवा नखात असेल तर. डोक्यातलं मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं, आणि हे लहान पोरांना जास्त होतं. गरोदर बाई, तान्हं बाळ, डायबेटिस, किडनी-लिव्हरचा त्रास, कॅन्सरचे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषधोपचार चालू असतील तर. दोन-तीन जागी पसरलं असेल, पू किंवा ताप असेल, बरं होऊन परत आलं असेल तर. आणि ज्यांनी मिक्स ट्यूब महिनोन् महिने लावलीये त्यांनीपण. ती बंद केल्यावर काही दिवस एकदम भडकतं, लाल होतं, आग होते, आणि घाबरून माणूस पुन्हा तीच लावतो, म्हणून हे डॉक्टरच्या देखरेखीत करा.

आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचा विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, मोठा खर्च नाही. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या, त्यावरून डॉक्टरला निम्मं कळतं. स्टिरॉइड लावलं असेल तर लपवू नका. डॉक्टर चट्ट्याच्या कडेची थोडी सालं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघू शकतात, दुखत नाही. गोळ्यांचा कोर्स हल्ली बऱ्याचदा महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त चालतो. पहिल्या पट्टीनं खाज गेली म्हणून दुसरी आणायची नाही असं करू नका, औषध महाग वाटलं तर तसं डॉक्टरला तोंडावर सांगा, दुसरा पर्याय विचारा.

बरं झाल्यावर

गजकर्ण गेलं तरी त्या जागी काळपट डाग राहतो. तो सपाट असेल, खाज नसेल, सालं नसतील, कड उठलेली नसेल तर ती बुरशी नाही, नुसता डाग आहे, काही महिन्यांत आपोआप फिका होतो. त्यावर गोरं करायची क्रीम लावू नका, त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये तेच स्टिरॉइड असतं. पण त्याच डागाच्या कडेला परत बारीक पुरळ आणि खाज दिसली, तर वाट न बघता त्याच दिवशी साधं क्लोट्रिमाझोल सुरू करा, डॉक्टरलाही दाखवा आणि घरातल्यांना परत एकदा विचारा.